जठरातील जिवाणूचा संसर्ग आणि ‘क’ जीवनसत्त्व : चाचणीपासून उपचारानंतरपर्यंत काय करावे

जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असल्याचे कळले की रुग्ण दोन प्रश्न विचारतो : औषध कोणते घ्यायचे आणि खायचे काय. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना ‘क’ जीवनसत्त्वाचे, म्हणजेच व्हिटॅमिन सीचे नाव हमखास पुढे येते. कोणी सांगते की याच्या मोठ्या गोळ्या घेतल्या तर जिवाणू मरतो आणि प्रतिजैविकांची गरजच उरत नाही. कोणी याच्या अगदी उलट, जठराला आम्ल बाधते म्हणून आंबट फळे पूर्ण बंद करायला लावते. हे दोन्ही सल्ले रुग्णाचे नुकसान करू शकतात. जिवाणू आणि हे जीवनसत्त्व यांचा संबंध खरा आहे, परंतु तो मुख्यतः असा आहे की जिवाणूमुळे जठरातील ‘क’ जीवनसत्त्व घटते, आणि जिवाणूचे पूर्ण निर्मूलन झाले की बहुतेकांमध्ये ते पुन्हा वाढते. त्यामुळे आधी संसर्ग नीट सिद्ध करून तो औषधांनी घालवणे, आणि त्या सोबतीने आहारातून जीवनसत्त्वाची भर घालत राहणे, हाच क्रम योग्य ठरतो. पुढील मार्गदर्शन याच क्रमाने दिले आहे.

हा संबंध नेमका कसा आहे

रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे १९८२ मध्ये हा सर्पिल आकाराचा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, आणि जठराचा दाह व अल्सर यांच्याशी त्याचा असलेला संबंध मांडला. या कामासाठी त्या दोघांना २००५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मधल्या काळात, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जिवाणूची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या सिद्ध कारणांमध्ये केली. संसर्ग बहुधा बालपणी होतो, उपचार न झाल्यास तो सहसा आयुष्यभर टिकतो, आणि बहुतांश लोकांना त्याचा कधीच त्रास जाणवत नाही. जठराच्या तीव्र आम्लात तगून राहण्यासाठी हा जिवाणू यूरिएज नावाचे विकर (एन्झाइम) तयार करतो. हे विकर युरियाचे विघटन करून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड निर्माण करते, आणि अमोनियामुळे जिवाणूभोवतालचे आम्ल सौम्य होते. ही एक गोष्ट लक्षात ठेवावी, कारण निदानाची श्वासाची चाचणी तिच्यावरच आधारलेली आहे.

आता ‘क’ जीवनसत्त्वाकडे पाहू. माणसाचे शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही, ते आहारातूनच मिळवावे लागते. मात्र निरोगी जठर हे जीवनसत्त्व रक्तातून घेऊन सक्रियपणे जठररसात सोडते, इतके की जठररसातील त्याची पातळी रक्तातील पातळीपेक्षाही अधिक असू शकते. शरीर ही खटपट उगाच करत नाही. अन्नातील आणि पाण्यातील नायट्रेटचे तोंडातील जिवाणू नायट्राइट करतात, ते लाळेबरोबर जठरात उतरते, आणि आम्लाच्या सान्निध्यात त्यापासून नायट्रोसो संयुगे तयार होऊ शकतात. यांतील अनेक संयुगे कर्करोगकारक आहेत. जठररसातील अॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप, नायट्राइटशी आधीच अभिक्रिया करून त्याचे नायट्रिक ऑक्साइड बनवते आणि ही घातक वाट बऱ्याच अंशी रोखते. शिवाय दाह झालेल्या अस्तरात जे ऑक्सिडीकारक पदार्थ तयार होतात, त्यांना निष्प्रभ करण्याचे कामही तेच करते.

जिवाणूचा संसर्ग झाला की ही संरक्षक व्यवस्था अनेक बाजूंनी खचते. जठराच्या अस्तरात पांढऱ्या पेशी जमा होतात आणि त्यांनी सोडलेल्या ऑक्सिडीकारक पदार्थांशी झुंजताना ‘क’ जीवनसत्त्व खर्ची पडते. अस्तराची ते रसात सोडण्याची क्षमता कमी होते. आणि जिथे दाहामुळे आम्लनिर्मिती घटते, तिथे हे जीवनसत्त्व टिकतच नाही. आम्लात ते स्थिर असते, पण आम्लता कमी झाली की त्याचे आधी डिहायड्रोअॅस्कॉर्बिक आम्लात आणि मग अशा एका पदार्थात रूपांतर होते की ज्यापासून शरीर ते पुन्हा मिळवू शकत नाही. म्हणूनच संसर्ग असलेल्यांच्या जठररसात अॅस्कॉर्बिक आम्लाची पातळी ठळकपणे कमी आढळते, असे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून झालेल्या अभ्यासांतून दिसत आले आहे. कॅग-ए हे प्रथिन बनवणाऱ्या, अधिक आक्रमक प्रकारच्या जिवाणूंच्या संसर्गात ही घट जास्त असते. रक्तातील पातळीही घटलेली दिसते, आणि तीही आहारात पुरेसे जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये. म्हणजे ‘मी फळे भरपूर खातो, मला कमतरता नसणारच’ हा समज संसर्ग असताना खरा ठरेलच असे नाही.

येथे एक बारकावा सांगायला हवा, कारण तो बहुतेक सोप्या लेखांतून सुटतो. दाह जठराच्या खालच्या टोकाला केंद्रित असेल तर आम्ल कमी न होता उलट वाढू शकते, आणि अशा रुग्णांना लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात अल्सर होण्याचा धोका अधिक असतो. दाह जठराच्या मुख्य भागात पसरला तर आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी हळूहळू झिजतात, आम्ल घटते, आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढवणारे बदल होऊ लागतात. जीवनसत्त्वाची सर्वांत मोठी हानी या दुसऱ्या गटात होते. म्हणून ‘संसर्ग म्हणजे अॅसिडिटी’ असे सरसकट समीकरण मांडून वर्षानुवर्षे केवळ आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेत राहणे मला विशेष चिंतेचे वाटते. त्या गोळ्यांनीही जठररसातील ‘क’ जीवनसत्त्व कमी होते, आणि मूळ जिवाणू जिथल्या तिथे राहतो.

चाचणी कोणी आणि कशी करून घ्यावी

जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असणे वा पूर्वी होऊन गेलेला असणे, पोटाच्या वरच्या भागात दीर्घकाळ दुखणे किंवा जळजळणे, कारण न सापडणारी लोहाची कमतरता, आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला जठराचा कर्करोग झालेला असणे, किंवा अॅस्पिरिन अथवा तत्सम वेदनाशामके दीर्घकाळ घ्यावी लागणार असणे, अशा स्थितीत या जिवाणूची चाचणी करावी का, हे डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे. रक्ताची उलटी, डांबरासारखा काळा व चिकट मल, गिळताना अडथळा, प्रयत्न न करता वजन घटणे किंवा सतत उलट्या होणे यांपैकी काहीही असेल, तर घरगुती उपाय, फळे, गोळ्या या कशाचीही वाट न पाहता ताबडतोब वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. अशा रुग्णाला बहुधा एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून जठराची तपासणी, लागते.

एंडोस्कोपीची गरज नसेल तर श्वासाची चाचणी किंवा मलातील प्रतिजनाची, म्हणजे जिवाणूच्या अंशांची, चाचणी करावी. श्वासाच्या चाचणीत कार्बनच्या विशिष्ट समस्थानिकाने (आयसोटोपने) चिन्हांकित केलेला युरिया प्यायला देतात. जठरात जिवाणू असेल तर त्याचे यूरिएज त्या युरियाचे विघटन करते आणि चिन्हांकित कार्बन डायऑक्साइड श्वासातून बाहेर पडतो. त्यासाठी कार्बन-१३ किंवा कार्बन-१४ वापरतात; दुसरा सौम्य किरणोत्सारी असल्यामुळे मुलांसाठी आणि गर्भवतींसाठी तो टाळतात. रक्तातील प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) चाचणी सोपी आणि सहज उपलब्ध असली, तरी संसर्ग सध्या आहे की पूर्वी होऊन गेला हे तिच्यावरून कळत नाही, म्हणून उपचाराचा निर्णय शक्यतो तिच्या एकटीच्या आधारावर घेऊ नये.

चाचणीपूर्वीची तयारी बहुतेक वेळा अपुरी राहते, आणि मग खोटा ‘नाही’ असा निष्कर्ष हाती येतो. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल या गटातील आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चाचणीपूर्वी किमान २ आठवडे, आणि प्रतिजैविके व बिस्मथ असलेली औषधे किमान ४ आठवडे बंद असावी लागतात, कारण ती जिवाणूंना पूर्ण न मारता त्यांची संख्या इतकी घटवतात की चाचणीला ते सापडत नाहीत. मात्र अल्सरमधून रक्तस्राव होऊन गेलेल्यांनी किंवा हृदयासाठी अॅस्पिरिन घेणाऱ्यांनी या गोळ्या स्वतःहून थांबवू नयेत. त्यांच्यासाठी तात्पुरता पर्याय डॉक्टरच ठरवतील. ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर तेही अवश्य सांगावे. प्रयोगशाळेत हे जीवनसत्त्व यूरिएजच्या कार्यात अडथळा आणताना दिसते, आणि चाचणीच्या काळात अशा गोळ्या घेण्याची काही निकडही नसते.

याच्याशी जोडलेली आणखी एक सूचना फार थोड्यांना मिळते. जठरातून सूक्ष्म रक्तस्राव होतो का, हे पाहण्यासाठी मलातील दडलेल्या रक्ताची ग्वायाक पद्धतीची चाचणी सांगितली असेल, तर त्याआधीचे ३ दिवस दररोज २५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ‘क’ जीवनसत्त्व घेऊ नये. ही चाचणी ऑक्सिडीकरणाच्या अभिक्रियेवर चालते आणि हे जीवनसत्त्व ती अभिक्रियाच दाबून टाकते, त्यामुळे रक्त असूनही चाचणी ‘नाही’ म्हणते. प्रतिपिंडांवर आधारित नव्या पद्धतीच्या चाचणीला ही अडचण नाही. आपली चाचणी कोणत्या पद्धतीची आहे हे प्रयोगशाळेला विचारून घ्यावे.

औषधांचा कोर्स चालू असताना

संसर्ग सिद्ध झाल्यावर साधारण १४ दिवसांचा कोर्स दिला जातो. आम्ल कमी करणारी गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल अशी चार औषधे एकत्र देण्याची पद्धत आज अनेक ठिकाणी पहिली पसंती ठरली आहे, कारण पूर्वीच्या तीन औषधांच्या कोर्समधील क्लॅरिथ्रोमायसिनला अनेक भागांत जिवाणू दाद देईनासा झाला आहे. पूर्वी कोणत्याही आजारासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा अॅझिथ्रोमायसिन घेतले असेल, किंवा पेनिसिलिनची अॅलर्जी असेल, तर कोर्स लिहून घेण्यापूर्वीच ते सांगावे. जुनी औषधपत्रे जपून ठेवली असतील तर ती सोबत न्यावीत. औषधांची निवड त्यांवर खरोखर अवलंबून असते.

याच टप्प्यावर ‘क’ जीवनसत्त्वाचा मोह सर्वांत जास्त होतो, म्हणून त्यामागचा पुरावा काय आहे ते सविस्तर पाहावे. प्रयोगशाळेतील पात्रात अॅस्कॉर्बिक आम्ल या जिवाणूची वाढ रोखते, हे खरे आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात रुग्णांना दररोज ५ ग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व ४ आठवडे दिले, तेव्हा सुमारे ३० टक्के रुग्णांमधील जिवाणू नाहीसा झाला. हा आकडा उत्साहाने सांगितला जातो, पण त्याची दुसरी बाजू पाहिली पाहिजे : दहांपैकी सात रुग्णांमध्ये जिवाणू तसाच राहिला, तर योग्य निवडलेल्या औषधांच्या कोर्सकडून दहांपैकी नऊ किंवा अधिक रुग्ण संसर्गमुक्त होण्याची अपेक्षा ठेवली जाते. त्याशिवाय ५ ग्रॅम ही मात्रा प्रौढांसाठी मानल्या गेलेल्या २ ग्रॅमच्या कमाल मर्यादेच्या अडीचपट आहे. प्रतिजैविकांच्या जोडीला हे जीवनसत्त्व दिल्यास यश वाढते का, यावरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत फायदा दिसला, काहींत दिसला नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : कोर्सच्या ऐवजी ‘क’ जीवनसत्त्व कधीही घेऊ नये, आणि कोर्सच्या जोडीला घ्यायचेच असेल तर ते डॉक्टरांना सांगून, मर्यादित मात्रेत घ्यावे. कोर्स अर्धवट सोडणे हे त्याहून मोठे नुकसान आहे, कारण उरलेले जिवाणू त्या औषधांना प्रतिकार करणारे असण्याची शक्यता वाढते आणि पुढच्या कोर्ससाठी पर्याय कमी होतात.

औषधांच्या वेळा पाळताना जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचाही विचार करावा लागतो. शुद्ध अॅस्कॉर्बिक आम्लाची गोळी टेट्रासायक्लिनला फारशी आड येत नाही, परंतु बाजारातील अनेक गोळ्यांत त्याच्यासोबत लोह, कॅल्शियम, झिंक किंवा मॅग्नेशियम असते, आणि ‘जठराला सौम्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही प्रकारांत तर कॅल्शियम अॅस्कॉर्बेटच असते. ही खनिजे टेट्रासायक्लिनला जखडून त्याचे शोषण घटवतात. दूध आणि दुधाच्या पदार्थांचेही तसेच आहे. त्यामुळे कोर्सच्या काळात अशा गोळ्या पूर्ण थांबवणे सर्वांत सोपे. ते शक्य नसेल तर दोहोंत किमान २ ते ३ तासांचे अंतर ठेवावे. मेट्रोनिडॅझोल चालू असताना मद्य वर्ज्य करावे. बिस्मथमुळे मल आणि जीभ काळपट होते, लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो, आणि हा बदल निरुपद्रवी असतो. मात्र मल डांबरासारखा चिकट, तीव्र दुर्गंधीचा असेल आणि त्यासोबत चक्कर किंवा धाप लागत असेल, तर तो रक्तस्राव समजून तातडीने रुग्णालय गाठावे.

आहारातून ‘क’ जीवनसत्त्व कसे मिळवावे

प्रौढ पुरुषासाठी दिवसाला ९० मिलिग्रॅम आणि प्रौढ स्त्रीसाठी ७५ मिलिग्रॅम हे प्रमाण सर्वसाधारणपणे धरले जाते. धूम्रपान करणाऱ्यांना त्याहून ३५ मिलिग्रॅम अधिक लागते, आणि स्तन्यपानाच्या काळात गरज १२० मिलिग्रॅमपर्यंत जाते. वेगवेगळ्या देशांच्या शिफारशींत थोडा फरक असतो, पण आवाका हाच आहे. संसर्गामुळे रक्तातील पातळी घटलेली असते हे लक्षात घेऊन, रोजच्या आहारातून या किमान गरजेपेक्षा बरेच अधिक, म्हणजे सुमारे २०० मिलिग्रॅम मिळेल अशी आखणी करणे मला योग्य वाटते. ही मात्रा अन्नातून सहज साधते, ती निर्धोक आहे, आणि तेवढ्यात निरोगी माणसाच्या रक्तातील पातळी जवळजवळ कमाल टप्प्याला पोहोचते. त्यापुढे मात्रा वाढवली तरी लाभ त्या प्रमाणात वाढत नाही : दिवसाला १८० मिलिग्रॅमपर्यंत घेतलेल्या जीवनसत्त्वाचा ७० ते ९० टक्के भाग शोषला जातो, तर १ ग्रॅमच्या वर शोषण ५० टक्क्यांच्याही खाली येते आणि शोषलेला बराचसा भाग लघवीवाटे निघून जातो.

कोणत्या पदार्थातून किती मिळते याचा अंदाज असला की गोळीची गरज बहुतेकांना उरत नाही. खाण्यायोग्य १०० ग्रॅम भागात पेरूमध्ये २०० मिलिग्रॅमहून अधिक, लाल ढोबळी मिरचीत सुमारे १२५, किवी आणि कच्च्या ब्रोकोलीत ९० च्या आसपास, पपई आणि स्ट्रॉबेरीत ६० च्या आसपास, आणि संत्र्यात सुमारे ५० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते. टोमॅटोत प्रमाण कमी, म्हणजे १५ च्या आतबाहेर असते, पण तो वारंवार खाल्ला जातो म्हणून त्याची भर लक्षणीय ठरते. पदार्थ किती आंबट लागतो यावरून त्यातील जीवनसत्त्वाचा अंदाज बांधू नये : पेरू, पपई आणि ढोबळी मिरची आंबट नसूनही समृद्ध आहेत, तर व्हिनेगर आंबट असूनही त्यात हे जीवनसत्त्व जवळपास नसते. ज्यांना अल्सरमुळे किंवा छातीतील जळजळीमुळे आंबट फळे सोसत नाहीत, त्यांच्यासाठी ही बाब फार उपयोगाची आहे. त्यांनी संत्री-मोसंबी काही काळ बाजूला ठेवून आंबट नसलेल्या पर्यायांतून गरज भागवावी. आंबट फळांमुळे हा संसर्ग होत नाही किंवा वाढत नाही, त्यामुळे ज्यांना ती सोसतात त्यांनी ती बंद करण्याचे काहीच कारण नाही.

हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेने व हवेने नष्ट होते. भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून देण्यापेक्षा ती थोडा वेळ वाफवावी, चिरल्यावर फार वेळ उघडी ठेवू नये, आणि दिवसातून एखादे फळ कच्चेच खावे. अति खारवलेले आणि धुरावलेले पदार्थ मात्र कमी करावेत, कारण या जिवाणूच्या जोडीने मीठ जठराच्या कर्करोगाचा धोका वाढवते. धूम्रपानाचेही तसेच आहे.

गोळी घ्यायची झाल्यास

भूक मंदावली आहे, फळे-भाज्या पुरेशा जात नाहीत, किंवा रक्ततपासणीत कमतरता दिसली आहे, अशा वेळी १०० ते २०० मिलिग्रॅमची साधी गोळी जेवणानंतर घेणे पुरेसे आहे. उपाशीपोटी मोठी गोळी चघळल्याने जठरात जळजळ होऊ शकते, आणि २ ग्रॅमच्या वर गेल्यास जुलाब व पोटात मुरडा येणे सामान्य आहे. मूत्रपिंडातील ऑक्झॅलेटचे खडे झालेल्यांनी मोठी मात्रा टाळावी, कारण जास्तीच्या जीवनसत्त्वाचा काही भाग ऑक्झॅलेटमध्ये बदलतो. शरीरात लोह प्रमाणाबाहेर साठण्याचा आजार असणाऱ्यांनी, तसेच जी-६-पी-डी या विकराची कमतरता असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ही गोळी घेऊच नये. फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम बरेच असते. रक्तदाबाच्या रुग्णांनी वेष्टनावरील प्रमाण वाचावे.

लोहाचा प्रश्न येथेच हाताळावा लागतो. वनस्पतिजन्य अन्नातील लोह शोषले जाण्यासाठी जठरातील आम्ल आणि ‘क’ जीवनसत्त्व या दोहोंची मदत लागते, आणि हा संसर्ग दोन्ही घटवू शकतो. लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, आणि रक्तस्रावाचे दुसरे कारण सापडत नसेल, तर गोळीचा ब्रँड बदलत राहण्याऐवजी जठरातील जिवाणूची चाचणी करून घ्यावी. संसर्ग गेल्यावर त्याच गोळ्यांना प्रतिसाद मिळू लागल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तोपर्यंत लोहयुक्त जेवणासोबत ‘क’ जीवनसत्त्वाने समृद्ध असे काही खावे, आणि चहा-कॉफी जेवणापासून दूर ठेवावी. आम्लनिर्मिती फार घटलेल्या रुग्णांत ब-१२ जीवनसत्त्वाचीही कमतरता आढळते, म्हणून त्याचीही तपासणी एकदा करून घ्यावी.

कोर्सनंतर काय करावे

त्रास थांबला म्हणजे जिवाणू गेला असे नाही, आणि त्रास उरला म्हणजे जिवाणू आहे असेही नाही. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी, आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या २ आठवडे बंद ठेवून, श्वासाची किंवा मलाची चाचणी पुन्हा करावी. यासाठी रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी उपयोगाची नाही, कारण प्रतिपिंडे जिवाणू गेल्यावरही दीर्घकाळ टिकतात. चाचणीत जिवाणू पुन्हा आढळल्यास आधीचीच औषधे परत न घेता वेगळ्या प्रतिजैविकांचा कोर्स ठरवावा लागतो. ही पडताळणी अनेक जण टाळतात, पण माझ्या मते साऱ्या उपचारांत तिच्याइतकी महत्त्वाची पायरी दुसरी नाही, कारण जठररसातील ‘क’ जीवनसत्त्व सावरते ते जिवाणू खरोखर गेला तरच. दाह ओसरू लागतो तशी ही पातळी वाढते. अस्तर फार झिजलेले असेल तर मात्र ती पूर्ववत होईलच असे सांगता येत नाही.

जठराचे अस्तर झिजणे किंवा त्याचे आतड्यासारख्या अस्तरात रूपांतर होणे, असे बदल बायॉप्सीत, म्हणजे अस्तराचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत, आढळलेल्यांना साहजिकच वाटते की दीर्घकाळ ‘क’ जीवनसत्त्व घेतल्याने कर्करोग टळेल का. कोलंबियातील नारिन्यो प्रांतात झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रुग्णांवरील उपचारांच्या चाचणीत जिवाणूचे निर्मूलन, तसेच दिवसातून दोन वेळा १ ग्रॅम अॅस्कॉर्बिक आम्ल, या दोन्ही उपायांनी असे बदल माघारी फिरण्याचे प्रमाण वाढले होते. दोन्ही एकत्र दिल्याने मात्र जास्तीचा लाभ झाला नाही. व्हेनेझुएलातील चाचणीत जीवनसत्त्वांचा असा परिणाम दिसलाच नाही. चीनच्या शानतुंग प्रांतातील लिनछू परगण्यात ३,३६५ जणांवर १९९५ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत अमॉक्सिसिलिन आणि ओमेप्राझोलचा केवळ २ आठवड्यांचा कोर्स दिला होता, तर ‘क’ व ‘ई’ जीवनसत्त्वे आणि सेलेनियम यांची गोळी सुमारे ७ वर्षे दिली होती. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या २२ वर्षांच्या पाठपुराव्यात या दोन्ही गटांत जठराच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आढळले, आणि कोर्सचा परिणाम अधिक मोठा होता. तिथे जीवनसत्त्वे एकत्रित दिली असल्याने श्रेय एकट्या ‘क’ जीवनसत्त्वाला देता येत नाही, आणि ज्यांच्या आहारात ते आधीच पुरेसे आहे त्यांना गोळीचा तसाच फायदा होईल असेही गृहीत धरता येत नाही.

त्यामुळे असे बदल आढळलेल्या रुग्णाने बायॉप्सीचा अहवाल जपून ठेवावा, झीज जठराच्या कोणत्या भागात आणि किती पसरली आहे हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे, आणि पुढील एंडोस्कोपी किती वर्षांनी करायची हे लिहून घ्यावे. व्यापक झीज असल्यास ती साधारणपणे दर ३ वर्षांनी सुचवली जाते. भावंडे आणि प्रौढ मुले यांनाही, विशेषतः कुटुंबात जठराचा कर्करोग झालेला असेल तर, जिवाणूची चाचणी करून घेण्यास सांगावे.